अजून थोडं दुखू दे

—नाही नाही, आत नको काकू, प्लीज, इथेच बसा ना, ती खुर्ची नको, तिचा एक पाय हलतो, परवा एक आजोबा कंबर दाखवायला आले आणि पडता पडता वाचले, म्हणजे कंबरेचं निमित्त घेऊन आले आणि खुब्याचं घेऊन गेले असते— ही घ्या, ही बरी आहे. आत गेलं ना की सगळं बिघडतं. घाबरण्यासारखं काही नाही, आमची पद्धतच आहे तशी. धावणाऱ्या माणसाकडे कोणी बघत असलं की तो स्वतःसारखा धावत नाही, बघणाऱ्यासाठी धावतो. छाती काय पुढे काढेल, गुडघे काय उचलेल, उद्या पेपरात फोटो छापून येणार असल्यासारखा. म्हणून आम्ही काय करतो, स्टँडवर कॅमेरा लावतो, ट्रेडमिल सुरू करून देतो आणि बाहेर येऊन दार ओढून घेतो. तुम्हीही बाहेर, मीही बाहेर. थोड्या वेळाने अंग विसरतं की आपल्याला कोणी टिपतंय, आणि मग खरी चाल येते. मग ती आम्ही सावकाश, अगदी सावकाश करून बघतो— टाच आधी टेकते की चवडा, पाऊल अंगाच्या किती पुढे पडतंय, कंबर कुठल्या बाजूला खचतेय. मॅडम म्हणतात— मॅडम म्हणजे हे क्लिनिक ज्यांचं आहे त्या, मी त्यांच्या हाताखाली— त्या म्हणतात, पेशंट थापा मारेल, पाऊल मारणार नाही. अशी वाक्यं त्यांना फार सुचतात. आई गं!— काही नाही, काही नाही. लिफ्टची घंटा. रोज वाजते आणि मी रोज दचकते. लिफ्टवाले काका आता मला बघितलं की आधीच सॉरी म्हणून टाकतात.

काकू म्हटलेलं चालतं ना तुम्हाला? मागे एका बाईंना काकू म्हटलं तर त्यांनी पुढच्या आठवड्यापासून फिजिओच बदलला. तुम्ही काही बोलला नाहीत म्हणून मी धरून चालले. तर— रविवार. हो, रविवारचंच बोलायचंय ना, मला माहितेय, तुम्ही जिना चढतानाच तो चेहऱ्यावर घेऊन आलात. रविवारी धावण्याच्या संघाची निवड आहे, तुमच्या मुलीचं वय बघता हे शेवटचं वर्ष, पुढच्या वर्षी ती मोठ्यांच्या गटात जाणार आणि तिथे हिला कोण विचारतंय. सगळं मान्य. आणि हाडाचे डॉक्टर म्हणाले, चीर भरलीय, नडगी आता ठीक आहे, धावायला कधी सुरुवात करायची ते फिजिओ ठरवेल. म्हणजे आलं ना माझ्या गळ्यात. मोठे डॉक्टर असंच करतात, चांगली बातमी आपण सांगायची आणि नकोसं ते दुसऱ्याच्या ताटात सरकवायचं. पण काकू, चित्रात हाड जुळलेलं दिसतं, दुखणं काही चित्रात दिसत नाही. ते पेशंटच्या तोंडूनच ऐकावं लागतं. आणि ती म्हणतेय ना, दुखतंय. मागच्या वेळी तुमच्यासमोरच तिला एका पायावर उड्या मारायला लावल्या, बघितलंत ना कसं तोंड केलं तिने? मग? मी कशाच्या जोरावर हो म्हणू? आणि आज मी हो म्हटलं, की रविवारी ती त्या रेषेवर उभी. माझ्या एका शब्दावर. मला हॉटेलात काय मागवायचं ते ठरवता येत नाही हो काकू, मी शेजारच्या टेबलावर बघून सांगते.

उकडतंय का तुम्हाला? पंखा लावते. आवाज करतो जरा, पण वारा बरा लागतो— नको? गार लागतंय? बरं. नको तर नको.

मी काय सांगत होते— हां, नडगी. लोकांना वाटतं, जिथे दुखतं तिथे शेक, जिथे दुखतं तिथे चोळ. आम्ही नडगी सोडून हिची कंबर बघतो, खांदा बघतो, तेव्हा तुम्हाला वाटलंच असेल, रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. पण धावणं म्हणजे काय असतं, एका पायावरून दुसऱ्या पायावर पडणं. नुसतं पडत राहायचं. आणि प्रत्येक पडण्याचा भार कोणीतरी घ्यायलाच लागतो. कंबरेने नाही घेतला तर गुडघा घेतो, गुडघ्याने अंग चोरलं तर नडगी. तो कुठे जात नाही भार, फक्त ढकलला जातो. अगदी घरातल्यासारखं— जो सगळ्यात गरीब, त्याच्या अंगावर. लोक इंटरनेटवर बघतात, टाचेवर पडू नका, चवड्यावर धावा, की सगळे निघाले चवड्यावर. गुडघा सुटतो आणि पोटरी बोंबलते. मग येतात आमच्याकडे, मॅडम काहीही करा, फक्त रविवारपुरतं बरं करा. सगळ्यांचा रविवारच असतो. मी अजून एकही धावणारा पेशंट बघितला नाही ज्याला सोमवारी बरं व्हायचंय.

काय?— काही नाही, ती धावतेय. ट्रेडमिलचा आवाज आहे तो, पट्टा जुना झालाय. तुम्ही जरा इकडे सरकून बसता का, तिथे दाराशी झोत लागतो. नाही? मी मोठ्याने बोलतेय का? मला सवय आहे, मी बोलायला लागले की आवाज चढतो, घरी आई म्हणते, तू लाउडस्पीकर गिळून जन्मलीस. इथे पेशंट पालथे झोपलेले असतात ना, त्यांचं तोंड टेबलाच्या भोकात, त्यांना ऐकू जावं म्हणून— हो. हो, ऐकू येतंय मलाही. पावलं. त्यात काय ऐकायचंय काकू, पावलंच ती, पडणारच. तर मी काय म्हणत होते, पोटरी—

तुम्ही धावायचात ना. विसरलेच मी. हरणीनेच सांगितलं, क्लबात तिला हरणी म्हणतात ना, मीही तेच म्हणते आता. म्हणाली, आई माझ्याहून वेगात होती, पण आईचा घोटा गेला, ऐन निवडीच्या आधी. तेव्हा कुठे होते फिजिओ, हळद लावून बांधलं असेल आणि झोपवलं असेल. मग तुम्हाला ऐकू येणारच. सांधा दुखला की पाऊल कसं पडतं, बरा असला की कसं, ते तुम्हाला काय शिकवायचं. लंगडणारं पाऊल म्हणजे एक लांब, एक तोकडं— दुखऱ्या पायावर माणूस थांबतच नाही, तापल्या तव्यावर ठेवल्यासारखा उचलतो. आणि हे— हे असं— 

एकसारखं आहे. हो. एकसारखं पडतंय. मला मघापासून कळतंय काकू, म्हणूनच मी पंखा लावत होते.

पण असं एकदम उठू नका ना. बसा. माझं ऐकून तरी घ्या, एकदाच, मग काय ते करा. ती थापा मारत नाहीये. म्हणजे— मारतेय, पण तुम्हाला वाटतं तशा नाही. देवा, मी हे बोलायला नको होतं. मी तिला शब्द दिलाय. त्या दिवशी तुम्ही खाली औषधं आणायला गेला होतात, मी तिच्या पायाला टेप लावत होते आणि मी आपली मूर्खासारखी म्हटलं, अरे वा, अभिनंदन, हाड ठोकलं तरी आता दुखत नाही की तुझं! तर रडायलाच लागली. आवाज नाही काही नाही, नुसतं पाणी, टेबलावरून खाली टपटप. मला वाटलं मीच काही केलं, माझ्या हाताने कुठली शीर दाबली गेली. आणि मग म्हणाली, ताई, रविवार होऊन जाऊ दे. तोवर अजून थोडं दुखू दे ना. आता सांगा, आमच्याकडे लोक येतात ते दुखणं घालवायला. कॉलेजात कुठल्याच वर्षाला शिकवलं नाही की कोणी दुखणं ठेवायला आलं तर काय करायचं.

मी तिला विचारलं, तुला मग काय करायचंय? मला वाटलं काहीतरी सांगेल, गाणं म्हणेल, चित्रं म्हणेल, परदेशी जायचंय, कोणी मुलगा असेल— काहीतरी असलं ना की तुमच्यासमोर मांडायला बरं. तर म्हणाली, काही नाही. सकाळी उठल्यावर थोडा वेळ छताकडे बघायचंय. आता हे मी तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगणार, की काकू, तुमच्या मुलीला छत बघायचंय म्हणून निवड सोडा? म्हणून मग उड्या, म्हणून तोंड वाकडं करणं— ते मीच शिकवलं तिला, काकू. तिला जमतच नव्हतं. पहिल्यांदा तर ती चांगल्याच पायावर लंगडली, मी म्हटलं, अगं डावा, डावा! मला हसूही येईना आणि— तुम्ही मॅडमना सांगाल का? सांगा. सांगायलाच पाहिजे तुम्ही. मॅडम तर आज स्वतःच बघणार आहेत ते चित्रण, त्यांचा पेशंट आटपला की येतीलच, आणि त्यांना कळायला अर्धं मिनिटही लागणार नाही. मी तिला आत सोडताना चार वेळा बजावलं, डावा तोकडा टाक, डावा तोकडा टाक. हो हो म्हणाली. आणि बघा. विसरली. दार लावलं आणि विसरली.

नाही, रागावू नका तिच्यावर. त्याबद्दलच तर मला— थांबा, मला नीट सांगू द्या, मी घाबरले की माझा शेंडा कुठे नि बुडखा कुठे होतो. हाडाला चीर का पडली, हे तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलं होतं. बूट बदलले, खाणं बदललं, माती सोडून गवतावर पळवलं तिला. आणि मी म्हटलं, बघते. मग मी तिचं जुनं चित्रण बघितलं, तुम्हीच आणून दिलेलं, मैदानावरचं, तुम्हीच काढलेलं. शंभरदा बघितलं असेल. तिची मान सरळ नसते काकू. किंचित उजवीकडे वळलेली. फार नाही, इतकीशीच, कोणी हाक मारेल असं वाटत असलं की आपण धरतो ना तशी. आणि मान वळली की उजवा खांदा मागे जातो, खांदा मागे गेला की कंबर वळते, आणि कंबर वळली की डावं पाऊल सरळ पडत नाही, आत येऊन पडतं, दोरीवर चालल्यासारखं. सगळा भार डाव्या नडगीवर, तोही तिरका. रोज. मला वाटलं, मानेत काही असेल. मान तपासली, मान लोण्यासारखी. डोळे तपासून घ्या म्हणणार होते. मग सहज विचारलं, उजवीकडे काय असतं गं तुझ्या? तर म्हणाली, सायकल.

तुमची सायकल. तुम्ही तिच्या मागे, थोड्या उजवीकडे, पहाटे. ती म्हणाली, ताई, आईने पायडल मारायचं थांबवलं ना, की चाकातून टिकटिक येते. म्हणजे मी हळू झालेय. मी वेगात असले की आईला पायडल मारावं लागतं, मग टिकटिक बंद. म्हणून मी ऐकत असते. तुम्ही ओरडत नाही तिच्यावर, हे तिनेच सांगितलं, दोनदा सांगितलं, आई कधी ओरडत नाही हं. ओरडायची गरजच नाही ना. ती म्हणाली, झोपेतही येते टिकटिक. मी हसले. मी काय करते, घाबरले की हसते. पण घरी जाऊन मी आमच्या वॉचमनची सायकल ढकलून बघितली. येते हो. फार बारीक येते. इतकी बारीक की ती ऐकायला मान वळवावीच लागेल.

हे मी तुम्हाला सांगणार नव्हते. आईशपथ, कधीच सांगणार नव्हते. मी ठरवलं होतं, नुसतं म्हणायचं, धावण्याची पद्धत सुधारायला अजून वेळ लागेल. पावलं छोटी टाकायला शिकव, नजर समोर ठेवायला शिकव, खांदे सैल, आणि तेवढ्यात रविवार निघून जाईल, आणि तुम्ही थोडे दिवस वाईट वाटून घ्याल आणि मग— मग काय ते मला माहीत नाही, मी तिथपर्यंतच विचार केला होता. मी नेहमी तिथपर्यंतच करते. तुम्ही काही बोलत का नाही? एखादा शब्द तरी बोला, मला फार भीती वाटते कोणी गप्प बसलं की. शिव्या घाला हवं तर. इथे एका काकांनी मला गरम पॅक जास्त लागला म्हणून गाढव म्हटलं होतं, मला बरं वाटलं, निदान कळलं तरी काय चाललंय त्यांच्या मनात.

ऐका ना. आता दोघी ऐकतोच आहोत तर नीट ऐका. किती हलकं पडतंय. पट्ट्यावर पाऊल आपटत नाही, टेकतं आणि जातं. मी सांगितलं होतं तसंच, आवाज कमी, पावलं छोटी— नाही, मी नाही शिकवलं हे. खोटं कशाला बोलू. हे तिचंच आहे. आत एकटी आहे ना ती. मान सरळ असणार, मी न बघता सांगते. काकू, मला आत्ता कळतंय, आत्ता, तुमच्याशी बोलता बोलता— तिला धावायला नकोय असं नाहीच. बघा ना, कोणी सांगितलं नाही तरी वेग वाढवलाय तिने, पट्ट्याचा आवाज बदलला, ऐकलंत? स्वतःहून वाढवला! दुखणं बिखणं सगळं विसरून. तिला धावणं हवंय, काकू, तिला फक्त तुम्ही— तुमच्या— 

नाही. तसं म्हणायचं नव्हतं मला. तसं नाही. काकू. काकू, रडू नका ना. रडत नाही आहात? बरं. मला वाटलं. पाणी देऊ? त्या कूलरचं नको, माझी बाटली आहे— उठू नका, अहो, थोडं थांबा, तिचं होऊ दे ना. दोनच मिनिटं. तुम्हाला कळतंय ना, दार उघडलं की संपलं ते? पुन्हा नाही येणार. मी बाहेर आहे, मॅडम नाहीत, तुम्ही— एवढ्यासाठीच तर दार लावतो आम्ही. काकू, तुम्हाला हात जोडते. बसून ऐका हवं तर, तास घ्या, माझ्या पुढच्या पेशंटला मी परत पाठवते, पण आत—

अहो.

झालं. ऐकलंत? बघा, काय झालं ते— नाही, मी नाही खुणावत तिला. मी इथे दारातच उभी आहे, आत आलेच नाही. ती आपोआप लंगडतेय. हरणी, अगं राहू दे, राहू दे आता, आईला कळलंय. पुरे. नीट टाक पाय. पट्टा चालू आहे, पुढे बघ, मान— पुढे बघ गं, पडशील! काकू, तुम्ही जरा समोरच्या बाजूला येता का, मागे नका उभ्या राहू, तिला दिसा तरी. निदान दिसा तिला. ते— ते वेग वाढवायचं बटन आहे, काकू. थांबवायचं खालचं, लाल. हो. हो, माहीत असणारच तुम्हाला. 

मॅडम, या ना. नाही, काही नाही झालं, या हरणीच्या आई, त्याच बघतायत, मी त्यांना सगळं समजावून— हो. हो मॅडम. हाड भरलंय. ठोकलं तरी दुखत नाही. उड्याही— उड्याही मारता येतील. चाल? चाल बघा ना तुम्हीच, कॅमेऱ्यात आहे, सुरुवातीची बघा, मधली बघा. अगदी उत्तम आहे. मी इतकी चांगली चाल अजून बघितली नाही.

रविवारी? धावेल.

नाही मॅडम. मला आणखी काही सांगायचं नाही.